ही गोष्ट खरी आहे काय?

कोणतीही चांगली गोष्ट वाचून संपली, की वाचणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न गोष्टीविषयीचा असतो आणि दुसरा ती लिहिणाराविषयीचा. मुलांच्या वर्गात हे दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात येतात. मराठीच्या तासाला एखादा धडा संपत आला, म्हणजे मागच्या बाकावरून हमखास विचारणा होते, "बाई, ही गोष्ट खरी आहे का?" आपण "होय" म्हणावे, तर पुढचा प्रश्न तयारच असतो, "म्हणजे हे सगळं लेखिकेच्या घरी घडलं?" बरे, "नाही" म्हणावे, तर वर्गाचा चेहरा उतरतो, जणू कोणी आपणांस फसविलेच! इतकी वर्षे शिकविल्यावर मला असे वाटू लागले आहे, की या प्रश्नास "होय" हे उत्तर जितके अपुरे, तितकेच "नाही" हेही अपुरे आहे. आणि हा प्रश्न केवळ मुलांचा आहे असेही नाही. थोरांनीही तो विचारला आहे. मात्र मुलांइतक्या निर्मळ मनाने विचारला आहे, असे म्हणवत नाही. म्हणून त्याचे उत्तर विद्यार्थी आणि पालक दोघेही वाचतील अशा या पानांत जरा सावकाशीने द्यावे, असे मनात आले.

सन १९३३ मध्ये मराठीत 'कळ्यांचे निःश्वास' या नावाचा एक कथासंग्रह प्रसिद्ध झाला. पुस्तकावर लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. या नावाच्या बाईंस तोपर्यंत कोणी पाहिले नव्हते, की कोणत्या सभेत त्यांचे भाषण ऐकले नव्हते. कथा होत्या त्या शिकलेल्या आणि चार पैसे मिळविणाऱ्या, परंतु लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या. मुलगी शिकली म्हणजे तिचे कल्याण झाले, अशी त्या काळच्या सुधारलेल्या समाजाची समजूत होती. शिक्षण घेऊन ती ज्या घरात परत येते, त्या घरात तिच्या मनास जागा आहे काय, हा प्रश्न मात्र कोणी मोठ्याने विचारला नव्हता. या पुस्तकाने तो विचारला. हुंड्यापायी खोळंबलेली लग्ने, मुलीच्या पगारावर हळूहळू विसंबू लागलेली घरे, आणि मनातील इच्छा ओठांवर आणण्याचीही चोरी, हे सारे त्यात आडपडदा न ठेवता आले होते.

पुस्तकावर मोठे वादळ उठले. परंतु त्या वादळाची दिशा पाहण्यासारखी आहे. या कथांतील दुःख खरे आहे की नाही, आणि खरे असल्यास त्यावर उपाय कोणता, हा प्रश्न बाजूस राहिला. "ही बाई कोण?" याच प्रश्नाने लोकांस पछाडले. नाना तर्क लढविले गेले. जिने हे लिहिले तिच्याच आयुष्यात हे घडले असले पाहिजे, असे गृहीत धरून लोक तिचा शोध घेऊ लागले. त्यापाठोपाठ 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली, आणि १९३५ मध्ये 'विरलेले स्वप्न' आले. तेव्हा ही उत्सुकता अधिकच वाढली. एखाद्या घरास आग लागावी आणि लोकांनी पाण्याची घागर आणण्याऐवजी "आग लागली असे प्रथम कोण ओरडले?" याची चौकशी आरंभावी, तसा हा प्रकार झाला.

ही बाई कोण, ते पुढे यथाकाल सर्वांस कळले. त्या होत्या बाळूताई खरे. १९३८ मध्ये श्री. विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यावर मालतीबाई बेडेकर. त्यांचा जन्म १९०५ मधील आणि मृत्यू २००१ मधील. म्हणजे जवळजवळ एक शतक त्यांनी डोळ्यांखाली घातले. बालपण पुणे जिल्ह्यातील घोडनदी येथे गेले. याच गावास शिरूर असेही म्हणतात. वडील अनंतराव खरे शिक्षणाच्या क्षेत्रातले, सुधारक विचारांचे. आई इंदिराबाई यांनी पुष्कळ वर्षे दुधाचा व्यवसाय चालविला. मुलीस अण्णासाहेब कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकावयास पाठविले. तेथे खुद्द कर्वे आणि वामन मल्हार जोशी यांच्यासारखे शिक्षक त्यांस लाभले. पुढे त्या पुण्याच्या कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. स्त्रियांच्या अलंकारांवरील 'अलंकारमंजूषा' आणि हिंदू धर्मशास्त्रावरील एक ग्रंथ त्यांनी बाळूताई खरे या आपल्या खऱ्या नावाने लिहिला. अभ्यासाचे ग्रंथ खऱ्या नावाने आणि गोष्टी मात्र टोपणनावाने, ही वाटणी ध्यानात घेण्याजोगी आहे. शास्त्राविषयी बोलणारी स्त्री समाजास चालत होती. मनाविषयी बोलणारी चालत नव्हती.

आता त्या टोपणनावाकडेच पाहा. विभावरी म्हणजे रात्र. बोलणारीचा चेहरा दिसू नये म्हणून तिने रात्रीचे नाव घेतले. परंतु आडनाव कोठून घेतले? शिरूरहून, ज्या गावी ती लहानाची मोठी झाली त्या गावाहून. नाव लपले, गाव मात्र राहिले. मला वाटते, लेखिकेचे आयुष्य आणि तिची गोष्ट यांचा संबंध कसा असतो, हे या दोन शब्दांत जितके नेमके दिसते तितके एखाद्या मोठ्या प्रबंधातही दिसणार नाही. लिहिणारी स्वतःस झाकून घेते. परंतु ज्या मातीतून ती आली ती माती तिच्या पदरास चिकटलेलीच असते, आणि ती झटकून टाकावी असे तिलाही वाटत नाही.

मातीचा विषय निघाला आहे, तर आपल्या पेणचीच गोष्ट सांगते. आपल्या गावात गणपतीचे कारखाने आहेत हे तुम्हांस सांगावयास नकोच. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरीच मूर्ती होतात. शाडूची माती येथे आपल्या नदीकाठची नसते; ती दूर गुजरातेतून येते. ती भिजवावी लागते, मळावी लागते, साच्यात दाबून बसवावी लागते, सांधे जुळवावे लागतात, वाळवावी लागते, मग रंग चढतो. सर्वांत शेवटी होते डोळ्यांची आखणी. साचा एकच असला, तरी एका कारखान्यातील मूर्ती आणि दुसऱ्या कारखान्यातील मूर्ती जाणत्यास वेगळी ओळखू येते, ती त्या आखणीवरून. आता कोणी मूर्तीपुढे उभा राहून "ही माती कोणाच्या शेतातली?" एवढेच विचारीत बसला, तर त्याने मूर्ती पाहिली असे आपण म्हणू काय? आणि दुसरा कोणी म्हणू लागला, की मूर्तीचा मातीशी संबंधच नाही, तर तोही चुकलाच. लेखिकेचे आयुष्य ही माती होय. तीवाचून मूर्ती नाही. परंतु माती म्हणजे मूर्ती नव्हे. मळणारे हात आणि आखणारी नजर यांचे काम मध्ये असते.

हे केवळ उपमेने सांगून भागणार नाही. बाळूताईंच्याच उदाहरणाने ते पडताळून पाहू. 'कळ्यांचे निःश्वास' वाचणाऱ्या पुष्कळांनी असा तर्क केला असेल, की या लेखिकेचा बाप मोठा स्वार्थी असला पाहिजे. मुलीच्या मिळकतीवर डोळा ठेवून त्याने तिचे लग्न लांबविले असले पाहिजे. वस्तुस्थिती काय होती? ज्या काळी मुलींस शिकविणे हा उपहासाचा विषय होता, त्या काळी अनंतरावांनी मुलीस हिंगण्यास पाठविले. पुढे १९५३ मध्ये लेखिकेने 'खरेमास्तर' ही कादंबरी लिहिली, ती याच वडिलांच्या आयुष्यावर. म्हणजे आपल्या घरात जे होते ते तिने वीस वर्षे राखून ठेवले आणि सावकाश सांगितले. आणि जे इतर घरांत होते ते प्रथम सांगितले. असे का? कारण ती शिक्षिका होती. हिंगण्यास आणि कन्याशाळेत नाना घरांतील मुली, नाना वयांच्या स्त्रिया तिच्या सहवासात आल्या. त्यांच्या मनांत काय चालले आहे, हे पुरुष लेखकाच्या कानी पडणे शक्य नव्हते आणि घराबाहेर न पडलेल्या स्त्रीच्याही कानी ते पडले नसते. तिच्या आयुष्याने तिला गोष्ट दिली नाही. गोष्ट ऐकू येईल अशा ठिकाणी तिला आणून बसविले. शिवाय समजूतदार बापाच्या हाताखाली वाढल्यामुळेच इतर घरांतील बाप कोठे उणे पडतात ते तिला स्पष्ट दिसले असेल, असेही मला वाटते. उजेडात वाढलेल्या माणसास अंधार लवकर कळतो.

याहून ठळक उदाहरण त्यांच्या 'बळी' या कादंबरीचे आहे. १९३७ च्या सुमारास त्यांनी शाळेतील नोकरी सोडली आणि सोलापूरच्या 'सेटलमेंट'मध्ये सरकारी नोकरी पत्करली. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये एक कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. पुढे त्यांतील पुष्कळ कुटुंबांस तारेच्या कुंपणात वसविण्यात आले; हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून बाहेर जाता येत नसे. पाळण्यातील मूलही या कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारांच्या जमातीतले! या वसाहतीत लेखिकेने सुमारे तीन वर्षे काम केले. तिने जे पाहिले ते 'बळी'त आले. परंतु कादंबरी प्रसिद्ध झाली ती १९५० मध्ये, म्हणजे तेथून निघाल्यावर दहा वर्षांनी. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. कुंपणाच्या आत जन्मलेल्या माणसाचे जिणे हे काही लेखिकेचे स्वतःचे जिणे नव्हते. सायंकाळी ती कुंपणाबाहेर येऊ शकत होती. तरीही ती कादंबरी तिच्या आयुष्यातूनच आली आहे, कारण ती तेथे गेली, राहिली, आणि पाहिलेले विसरली नाही. आयुष्य म्हणजे आपल्यावर जे ओढवते तेवढेच नव्हे. आपण जेथे पाय उचलून जातो, तेही आपले आयुष्यच.

हा प्रकार आपल्याच भाषेत घडतो असे नाही. इंग्रजी शिकणाऱ्या वरच्या वर्गांतील मुलींस 'जेन एअर' ही कादंबरी ठाऊक असेल. ती १८४७ मध्ये निघाली तेव्हा लेखकाचे नाव होते करर बेल. खरी लेखिका शार्लट ब्राँटी, खेड्यातील एका धर्मोपदेशकाची मुलगी. कादंबरीत अनाथ मुलींची एक शाळा आहे. तेथील थंडी, अपुरे अन्न आणि आजार यांचे वर्णन वाचून अंगावर शहारे येतात. लहानपणी शार्लट आणि तिच्या बहिणी खरोखरच अशा एका निवासी शाळेत होत्या. तेथून आजारी होऊन परतलेल्या मारिया आणि एलिझाबेथ या तिच्या दोन थोरल्या बहिणी १८२५ मध्ये वारल्या. कादंबरीतील हेलन ही सोशीक मुलगी मारियावरून उतरली आहे. येथवर आयुष्य आणि गोष्ट हातात हात घालून चालतात. परंतु लोकांचे तर्क पाहा. पुस्तकाची दुसरी आवृत्ती तिने थॅकरे या थोर कादंबरीकारास अर्पण केली. थॅकरेची पत्नी मनोरुग्ण होती, आणि कादंबरीतील नायकाची पत्नीही वेडी असते. झाले! ही लेखिका थॅकरेच्या घरी मुलांस शिकविणारी बाई असली पाहिजे, अशी कंडी लंडनमध्ये पिकली. वास्तविक अर्पणपत्रिका लिहिताना शार्लटला थॅकरेच्या घरची ही व्यथा ठाऊकच नव्हती. खरे सापडण्याजोगे होते तेथे कोणी शोधले नाही, आणि जेथे शोधले तेथे काहीच नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातील एक नाव येथे आठवते, ते कृपाबाई सत्यनाथन यांचे. हरिपंत खिस्ती यांची ही मुलगी १८६२ मध्ये अहमदनगरास जन्मली. वडील ब्राह्मण घराण्यातले असून ख्रिस्ती झालेले. वैद्यकी शिकण्यासाठी कृपाबाई १८७८ मध्ये मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही आणि ते शिक्षण अपुरे राहिले. त्यांनी इंग्रजीत दोन कादंबऱ्या लिहिल्या. 'सगुणा' ही जवळजवळ त्यांची स्वतःचीच कहाणी. त्यात घर आहे, भाऊ आहे, शिकण्याची ओढ आहे. 'कमला'ची नायिका मात्र लहानपणी लग्न झालेली हिंदू मुलगी, पुढे विधवा होते; हे काही लेखिकेवर ओढवलेले नव्हते. मग 'सगुणा' तेवढी खरी आणि 'कमला' खोटी म्हणावी काय? मला तर असे वाटते, की आईवडील जुन्याच वाटेने गेले असते तर आपले काय झाले असते, हा विचार 'कमला'च्या मुळाशी असावा. जे आयुष्य वाट्यास आले त्याची गोष्ट आणि जे थोडक्यात चुकले त्याचीही गोष्ट. दोन्ही एकाच आयुष्याच्या पोटी जन्मतात. ३२ वर्षांच्या आतबाहेर, १८९४ मध्ये, त्या गेल्या.

इतका वेळ मी पुस्तकांतील गोष्टी सांगितल्या. आता थोडे घरचे सांगते. माझ्या वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, १९४७ पासून १९८३ पर्यंत रोह्यास शिक्षिका होती. घर आमचे पेणचे. कुंडलिकेच्या काठी एका खोलीत ती राहत असे, आणि पगार झाला की पुढच्या रविवारी एस.टी.ने भिसे खिंड ओलांडून, नागोठण्यावरून पेणला येत असे. आगगाडी तेव्हा कोठली! आली की प्रथम पाय धुवावयाचे, देवास नमस्कार करावयाचा, आणि पगाराचे पाकीट आजोबांच्या हाती द्यावयाचे. त्या पाकिटावर माझ्या वडिलांचे आणि दोन काकांचे शिक्षण झाले, एका धाकट्या आत्याचे लग्न झाले, घराची कौले फिरली. आत्याचे लग्न मात्र झाले नाही. माझे आजोबा दुष्ट नव्हते. नातवंडांस मांडीवर घेऊन पाढे शिकविणारे ते प्रेमळ गृहस्थ होते. आत्या म्हणे, "बाबा कधी नाही म्हणाले नाहीत गं. ते दरवर्षी एवढंच म्हणायचे, यंदा नको."

तिच्या ट्रंकेत खाकी कागद घातलेले एक पुस्तक असे. पाठीवर नाव लिहिलेले नव्हते. मी महाविद्यालयात गेल्यावर तिने ते मला वाचावयास दिले. ते 'कळ्यांचे निःश्वास' होते. वाचून झाल्यावर मी तीस विचारले, "आत्या, तुला हे पुस्तक आवडतं?" ती म्हणाली, "आवडायचं काय त्यात? औषध आवडतं का कुणाला?" मग थोड्या वेळाने, हातातील भाजी निवडता निवडता, ती पुढे बोलली, "लिहिणारीला माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पण माझं सगळं तिला ठाऊक होतं. हे वाचेपर्यंत मला वाटायचं, हे आपल्या एकटीच्याच घरात आहे."

ही बाई कोण, असा प्रश्न आत्याने कधी विचारला नाही. तिला त्याची गरज नव्हती. ज्यांच्यावर ते गुदरले नव्हते त्यांना लेखिकेचे नाव हवे होते. जिच्यावर गुदरले होते तिला पुस्तक पुरेसे होते. आत्या आज हयात नाही. तिची गोष्ट सांगावी काय, असे मी तिला एकदा विचारले होते. "मी गेल्यावर सांग," ती म्हणाली, "पण रडकी करून सांगू नकोस."

हे सर्व आज सांगण्याचे कारण असे, की हा प्रश्न अजून संपलेला नाही. काही काळापूर्वी एका विद्यार्थिनीने मला एक गोष्ट लिहून आणून दिली. तीत एक मोठी बहीण आहे. ती कारखान्याच्या कचेरीत नोकरी करते, तिच्या पगारावर घर चालते, आणि तिच्या लग्नाचा विषय निघाला की घरात कोणीतरी दिवा लावावयास उठते. गोष्ट उत्तम होती. ती छापावी असे मी ठरवीत होते, तोच मुलीची आई मजकडे आली. कोणी तरी ती गोष्ट तिला वाचून दाखविली होती. तिचे डोळे भरून आले होते. "बाई, आमच्या घरातलं चारचौघांत कशाला? गावात तोंड कसं दाखवू?" आपल्या गावांत माणसे एकमेकांस घराण्यासकट ओळखतात, मुंबईच्या लेखिकेस गर्दीचा आडोसा असतो, तो येथे नाही. त्या माउलीचे दुःख खोटे नव्हते. परंतु त्या मुलीची गोष्टही खोटी नव्हती.

मी मुलीस जवळ बसवून विचारले, "या गोष्टीतलं काय बदललं तरी चालेल, आणि काय बदललं तर गोष्टच उरणार नाही?" पुष्कळ विचार करून तिने गाव बदलले, नोकरी बदलली, भावंडांची संख्या बदलली. बहिणीच्या जागी तिने मावशी घातली. दिवा लावावयास उठणे मात्र तिने तसेच ठेवले. मग मी म्हटले, "आता या घरातल्या आईच्या बाजूनं एकदा लिहून पाहा." हे काम तिला फार अवघड गेले. दोन आठवड्यांनी तिने जे आणले, त्यात दिवा लावावयास उठणारी आईच होती. आणि समईपुढे वाकून ती काय मागते, हेही आता त्यात आले होते. पहिल्या गोष्टीत एक अपराधी होता. दुसरीत कोणीच अपराधी नव्हता, आणि तरीही अन्याय तेवढाच दिसत होता. मला दुसरी गोष्ट अधिक खरी वाटली.

ती गोष्ट अद्याप छापलेली नाही. आई "आणखी थोडं थांबा" म्हणाली आणि मुलीने ते मानले. परंतु ती घरात मात्र वाचली गेली. मोठ्या बहिणीनेही वाचली. ती काय बोलली ते मला ठाऊक नाही. एवढे कळले, की पुढच्या महिन्यापासून तिच्या पगारातील काही रक्कम तिच्या स्वतःच्या नावाने बँकेत जमा होऊ लागली, आणि ते मला सांगावयास आली ती आईच. (या मजकुरातही मी बदलावयाचे ते सर्व बदलले आहे. हे घर कोणते, असा शोध पेणेस किंवा रोह्यास कोणी करू लागल्यास त्याचे श्रम फुकट जातील, एवढे आताच सांगून ठेवते.)

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही लिहू लागाल तेव्हा आपल्या आयुष्यातूनच लिहा. दुसरे भांडवल तुमच्याजवळ आहे तरी काय? स्वित्झर्लंडच्या बर्फावर लिहिण्यापेक्षा खारेपाटातील बांधावर लिहा. तो बांध भरतीच्या वेळी कोठे पाझरतो ते तुम्हांस ठाऊक आहे. परंतु जे घडले ते जसेच्या तसे उतरले म्हणजे गोष्ट झाली असे समजू नका. रागात लिहिलेले काही दिवस बाजूस ठेवा. बाळूताईंनी सोलापुरात पाहिलेले दहा वर्षे मनात मुरू दिले. ज्याच्यावर तुमचा राग आहे त्याच्या जागी एकदा बसून पाहा. ज्यांनी विश्वासाने तुम्हांस काही सांगितले त्यांची ओळख झाका. त्यांचे दुःख मात्र झाकू नका. आणि स्वतःचे दुःख संपले असेल तर शेजाऱ्याचे ऐकावयास शिका, कारण पुष्कळ चांगल्या गोष्टी या कानाने लिहिलेल्या असतात.

आणि सुज्ञ पालकहो, आपणांसही एक विनंती आहे. आपल्या मुलीच्या वहीत एखादी गोष्ट सापडली आणि तीत आपल्यासारखे बोलणारे कोणी दिसले, तर वही मिटू नका. "हे कोणाविषयी लिहिलेस?" असा पहिला प्रश्न करू नका. त्या प्रश्नापुढे मूल एक तर खोटे बोलते, नाही तर लिहिणे सोडते. आणि दोहोंत नुकसान आपलेच. त्याऐवजी "हिला असं का वाटलं असेल?" हे तिला विचारा, म्हणजे ती बोलेल. १९३३ मध्ये एका संपूर्ण समाजाने चुकीचा प्रश्न विचारला. घराघरांतील त्या मुलींस उत्तर मिळावयाचे ते तसेच राहिले. आपले घर लहान आहे. तेथे योग्य प्रश्न विचारणे त्या मानाने सोपे आहे, आणि उत्तर देणारी आपल्यासमोरच बसलेली आहे.